यंत्राच्या पोटातला संगणक : एका परिचयपर व्याख्यानाची पूर्वतयारी

(वाणिज्य शाखा, तृतीय वर्ष)

संगणक म्हटला की टेबलावरचा पडदा आणि कळफलक डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः जगातील बहुसंख्य संगणकांना पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. घरातील विजेचे नवे मीटर, कपडे धुण्याचे यंत्र, इमारतीची लिफ्ट, बसच्या कंडक्टरच्या हातातील तिकिटाचे यंत्र, २०१७ सालापासून आपल्या शहरात धावू लागलेल्या मेट्रोचे प्रवेशद्वार, या सर्वांच्या पोटात एकेक लहानसा संगणक बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. परिभाषेच्या वळणाचा शब्द हवा असल्यास ‘अंतःस्थापित प्रणाली’ असा तयार आहे. परंतु तो उच्चारताच निम्मे श्रोते खिडकीबाहेर पाहू लागतात. म्हणून या लेखात मी ‘पोटातला संगणक’ असेच म्हणणार आहे.

येत्या सत्रात विद्यार्थ्यांच्या एका परिषदेत अशा संगणकांच्या ‘बिल्ड टूल्स’ या विषयावर, म्हणजे त्यांचे प्रोग्रॅम ज्या साधनांनी बांधले जातात त्यांविषयी, अर्ध्या तासाचे परिचयपर व्याख्यान देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बी. कॉम.च्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणीही विचारील. आमच्या अभ्यासक्रमात संगणक उपयोजनाचा भाग आहे, हे एक उत्तर झाले. पण तयारी करताना मला दुसरेही एक उत्तर सापडले. या विषयातील निम्म्याअधिक कल्पना आम्ही परिव्यय लेखांकनाच्या आणि लेखापरीक्षणाच्या तासाला आधीच शिकलेलो असतो. फक्त तेथे त्यांची नावे वेगळी असतात. त्या तयारीचे टिपण इतरांनाही, विशेषतः ज्यांना आपल्या विषयावर प्रथमच बोलायचे आहे अशांना, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

या विषयावरील परिचयपर व्याख्यानांचा एक ठरलेला साचा आहे. वक्ता साधनांची नावे एकामागून एक घेतो : मेक, सीमेक, बिल्डरूट, योक्टो, आणखी पाच-सहा. प्रत्येकाची वैशिष्ट्ये, प्रत्येकाचा एक तक्ता, आणि शेवटी ‘आपापल्या गरजेनुसार निवड करावी’ असा निर्वाळा. श्रोता घरी जातो तो नावे घेऊन जातो, आणि तीही दुसऱ्या दिवशी विसरतो. कारण मूळ प्रश्न त्याच्या मनात तसाच राहिलेला असतो. प्रोग्रॅम लिहिला, चालवला, झाले. मध्येच हे बांधणीचे साधन कशाला हवे? या एका प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात नीट देता आले तरी पुष्कळ झाले, असे माझे मत बनले आहे. उत्तराचे भाग दोन. पहिला, पोटातल्या संगणकाचा प्रोग्रॅम जेथे बनतो तेथे चालत नाही आणि जेथे चालतो तेथे बनत नाही. दुसरा, जे एकदा बनवले ते पाच वर्षांनी, दुसऱ्या माणसाला, जसेच्या तसे पुन्हा बनवता आले पाहिजे. बाकी सर्व साधने या दोन अडचणींतून निघालेली आहेत.

पहिल्या भागासाठी आकड्यासारखे साधन नाही. विद्यार्थ्यांच्या परिचयाचा अर्दुइनो उनो हा छोटा बोर्ड घ्या. त्यावरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्रॅम साठवण्यास ३२ किलोबाइट जागा असते आणि काम करताना लागणारी स्मृती असते अवघी २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. भागाकार केला तर ६८२ खुणा. आता आपण वाचत आहात तो एक परिच्छेद त्या स्मृतीत मावणे कठीण! मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा जो कंपायलर असतो, तो स्वतःच या जागेच्या हजारो पटींनी मोठा असतो. तेव्हा भाषांतर करायचे ते टेबलावरच्या मोठ्या संगणकावर, आणि तयार झालेला मजकूर तेवढा तारेवाटे चिपमध्ये भरायचा, याखेरीज मार्ग उरत नाही.

येथे आणखी एक गोष्ट येते. मोठ्या संगणकाच्या चिपची भाषा आणि लहान चिपची भाषा एक नसते. आमच्या घरी वडिलांची बाजू मराठी, आईची बाजू बिदरकडची कन्नड. आजीला पत्र लिहायचे तर मनात मराठी असली तरी कागदावर कन्नड उतरवावी लागते. पत्र लिहिले जाते हैदराबादेत, वाचले जाते बिदरला. आणि ज्या घरात ते लिहिले जाते त्याच घरातील कन्नड न येणाऱ्या माणसाला ते वाचता येत नाही. स्वतःच्या चिपसाठी भाषांतर करणारा तो साधा कंपायलर, आणि दुसऱ्याच चिपच्या भाषेत लिहून देणारा तो क्रॉस कंपायलर. हैदराबादच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्यास वेगळ्या दृष्टांताची गरज नाही. निम्म्या सभागृहाचे घर असेच चालते.

हे प्रत्यक्ष दाखवताही येते, आणि दाखवावेच. चार ओळींचा एक प्रोग्रॅम साध्या कंपायलरने बांधावा, तो चालतो. तोच प्रोग्रॅम आर्म चिपसाठीच्या क्रॉस कंपायलरने बांधावा आणि त्याच लॅपटॉपवर चालवू पाहावा. लिनक्स ताबडतोब तक्रार करतो, की ही फाइल चालवण्याच्या स्वरूपाची नाही. नंतर क्यूएमू या प्रोग्रॅमच्या द्वारे तीच फाइल चालवावी. आता ती चालते, कारण क्यूएमू आर्म चिपचे सोंग हुबेहूब वठवतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमकाराने २००३ साली तो प्रसिद्ध केला. त्यामुळे बोर्ड विकत न घेता सर्व प्रयोग करता येतात, ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या खिशाच्या दृष्टीने लहान नव्हे. मात्र एक सावधगिरी हवी. काही लॅपटॉपांवर क्यूएमू अशा रीतीने बसवलेला असतो, की परक्या चिपची फाइल दिसताच लिनक्स आपण होऊन ती त्याच्या हवाली करतो. तसे असेल तर जेथे तक्रार दिसायला हवी तेथे प्रोग्रॅम गुपचूप चालून जातो आणि वक्ता पेचात पडतो. आदल्या दिवशी, ज्या लॅपटॉपवर दाखवायचे त्याच लॅपटॉपवर, हे पडताळून घ्यावे.

प्रोग्रॅम आधी दुसरीकडे पुरता तयार करून मग यंत्रात बसवणे ही पद्धत अलीकडची नाही, हेही एका वाक्यात सांगण्याजोगे आहे. १९६९ साली चंद्रावर मनुष्य उतरवणाऱ्या अपोलो यानातील संगणकाचा प्रोग्रॅम तारांनी अक्षरशः विणलेला होता. चुंबकीय कडीतून तार ओवली तर एक, कडीबाहेरून नेली तर शून्य. विणकाम करणाऱ्या स्त्रिया कारखान्यात बसून हे काम करीत, आणि एकदा विणल्यावर त्यात बदल करणे जवळजवळ अशक्य असे. पोचमपल्लीचे माग जवळ असलेल्या या शहरात याहून अधिक समजावण्याचे कारण नाही.

आता साधनांकडे येऊ. सर्वांचे मूळ ‘मेक’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ साली लिहिला, आणि त्यामागची हकीकत श्रोत्यांना अवश्य सांगावी. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एके दिवशी वैतागून त्यांच्याकडे आले. प्रोग्रॅममधील चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेल्या भागाचे पुन्हा भाषांतर करावयाचे राहून गेले होते, आणि जुनाच भाग जोडला जात होता. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सगळी सकाळ गेली होती. मेक करतो ते एवढेच : कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे याची यादी त्याला द्यावी, मग मूळ फाइल आणि तिच्यापासून बनलेली फाइल यांच्या वेळा तो ताडून पाहतो, आणि मूळ फाइल नंतरची असेल तर तेवढाच भाग पुन्हा बांधतो. रोजकीर्दीत नवी नोंद झाली तर सगळी खतावणी नव्याने लिहायची नसते. ज्या खात्याला ती नोंद लागते तेवढेच खाते आणि त्यापुढची तेरीज बदलते. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला मेक समजण्यास पाच मिनिटे लागत नाहीत, ती यामुळे.

मेकच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. जगभरचे विद्यार्थी यापायी हैराण झाले आहेत. हे अडचणीचे आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. परंतु तोपर्यंत दहाबारा जण मेक वापरू लागले होते, आणि त्यांची घडी विसकटू नये म्हणून तो नियम तसाच ठेवला गेला. दहाबारा जणांच्या सोयीसाठी ठेवलेला नियम कोट्यवधी लोक पन्नास वर्षे पाळीत आहेत. हा किस्सा विषयाला धरून आहे की नाही याविषयी दुमत होईल, पण पंधराव्या मिनिटाला सभागृहाला एकदा हसण्याची गरज असते.

पोटातला संगणक थोडा मोठा असला, म्हणजे घरातील इंटरनेटच्या राउटरएवढा, की त्यावर सहसा लिनक्स चालतो. मग काम एका प्रोग्रॅमचे राहत नाही. यंत्र सुरू होताच प्रथम जागा होणारा बूटलोडर, लिनक्सचा गाभा, सी भाषेचे ग्रंथालय, बिझीबॉक्ससारखा नित्याच्या आज्ञा एकत्र बांधलेला प्रोग्रॅम, आणि वर आपला स्वतःचा प्रोग्रॅम. असे कितीतरी सुटे भाग, निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले, निरनिराळ्या ठिकाणांहून आणायचे, त्या विशिष्ट चिपसाठी बांधायचे आणि एका प्रतिमेत बसवायचे. हे हाताने करणे शक्य आहे. एकदा. दुसऱ्यांदा करताना पहिल्या खेपेस काय केले होते ते आठवत नाही.

या कामाची दोन प्रसिद्ध साधने म्हणजे बिल्डरूट आणि योक्टो. बिल्डरूट २००१ च्या सुमारास सुरू झाले. ते मुख्यतः मेकवरच उभे आहे. एक यादी पुढे येते, हवे ते भाग निवडायचे, आणि आज्ञा द्यायची. योक्टो प्रकल्प लिनक्स फाउंडेशनने २०१० साली जाहीर केला. त्याचा पाया २००३ च्या ओपनएम्बेडेड या प्रकल्पाचा, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या साधनाचे नाव बिटबेक. बिल्डरूट शिकायला सोपे, योक्टो अवघड पण मोठ्या व्यवहाराला पुरून उरणारे, एवढी तुलना परिचयाला पुरे. जो वक्ता पहिल्याच व्याख्यानात योक्टोचे सर्व फाटे उलगडू पाहतो त्याच्या श्रोत्यांची मला दया येते.

योक्टोची परिभाषा स्वयंपाकघरातील आहे. प्रत्येक भागाची एक ‘रेसिपी’, रेसिपींचे ‘थर’, आणि सर्व भट्टीत घालणारा बिटबेक. मराठीत पाककृती, कन्नडमध्ये पाकविधान. ‘पाक’ दोहोंकडे एकच, त्यामुळे शब्द सहज कळतो. हैदराबादेत थरांसाठी बिर्याणीकडे बोट दाखवण्याचा मोह आवरणे कठीण आहे, आणि आवरूही नये. पण स्वयंपाकाची उपमा फार ताणली तर ती दिशाभूल करते. आमच्याकडे अडिगी, म्हणजे स्वयंपाक, करणारी आजी मीठ अंदाजाने टाकते, आणि तिच्या हातची चव दुसऱ्याला येत नाही. योक्टोच्या रेसिपीला अंदाज चालत नाही. तिच्यात भागाचे नाव व आवृत्ती, तो कोठून आणावयाचा तो पत्ता, आणलेला माल तोच आहे याची खूण पटवणारी बेरीज, त्याच्या परवान्याचे नाव, त्या परवान्याच्या मजकुराचीही बेरीज, तो भाग बांधण्यापूर्वी कोणते भाग तयार हवेत त्यांची यादी, आणि मग बांधण्याच्या पायऱ्या, इतके सर्व असते. परवान्याच्या मजकुरात कोणी एक शब्द बदलला तरी बांधणी थांबते आणि ‘पाहा’ म्हणून सांगते. ही पाककृती नव्हे. हे उपकार्य परिव्ययांकनातील जॉब ऑर्डर, तिला जोडलेले साहित्याचे मागणीपत्र, आणि पुरवठादाराच्या बीजकाशी ताडलेले माल-प्राप्तिपत्र आहे. मी माझ्या व्याख्यानात रेसिपी हा शब्द एकदाच घेणार आहे आणि लगेच जॉब ऑर्डरवर येणार आहे.

मेक आणि बिटबेक यांतील एक फरक मात्र लेखापरीक्षणाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा. मेक घड्याळाकडे पाहतो. फाइल नंतरची दिसली की पुन्हा बांधतो, मग आतले अक्षरही बदललेले नसो. आणि संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर तो फसतो. बिटबेक प्रत्येक कामात जे जे घातले जाते त्या सर्वांची मिळून एक खूण काढतो, आणि तीच खूण पूर्वी येऊन गेली असेल तर पूर्वीचे काम तसेच वापरतो. प्रमाणकावरची तारीख पाहून समाधान मानणारा लेखनिक आणि प्रमाणकातला मजकूर वाचणारा लेखापरीक्षक, असा तो फरक आहे.

शब्दांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तयारीचा बराच वेळ त्यात गेला. तांत्रिक विषय आपल्या भाषेत शिकवण्याचा मोठा प्रयोग याच शहरात होऊन गेला आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग उघडण्यात आला. मौलवी अब्दुल हक त्याच्या प्रमुखपदी होते. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा या विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली आणि हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. १९४८ नंतर ती व्यवस्था गेली आणि इंग्रजी आली. शब्द केवळ समितीने घडवल्याने टिकत नाहीत, त्यांना रोजचा वापर लागतो, असे त्यावरून कोणी म्हणेल. मला त्याबरोबर हेही दिसते, की तीस वर्षे या शहरात पदार्थविज्ञान इंग्रजीवाचून शिकवले गेले आणि त्यावर डॉक्टर-इंजिनिअर तयार झाले. मराठीत संगणक आणि कळफलक रुजले. आज्ञावली अर्धवट रुजली. अंतःस्थापित प्रणाली रुजलेली नाही. ‘बिल्ड’साठी मी बांधणी घेतली आहे. या शब्दाने मैत्रिणींना साडी आठवते हे मला सांगून झाले आहे. असू द्या. साडीच्या बांधणीतही कोणती गाठ कोठे हे आधी ठरलेले असते.

माझा नियम असा, की वस्तूचे नाव जसे आहे तसे ठेवावे, आणि क्रिया मराठीत सांगावी. कंपायलर कंपायलरच राहू द्यावा. पण तो भाषांतर करतो, जोडतो, भरतो, तपासतो. ज्या श्रोत्याचे शिक्षण मराठी किंवा कन्नड माध्यमातून झाले आहे त्याला इंग्रजी नावे अडत नाहीत, इंग्रजी क्रियापदे अडतात. आणि असा श्रोता हात वर करून ‘समजले नाही’ म्हणत नाही. तो गप्प बसतो, आणि पुढच्या व्याख्यानाला येत नाही.

आता दुसरा भाग, पुन्हा तसेच बनवण्याचा. यासाठी उदाहरण शोधायला दूर जावे लागले नाही. १९६७ साली अणुऊर्जा विभागाखाली स्थापन झालेले इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपले ईसीआयएल, याच शहरात आहे. टीडीसी-१२ हा भारतीय बनावटीचा संगणक त्यांनी तयार केला. पण सामान्य माणसाच्या हाताखालून गेलेला त्यांचा संगणक निराळाच आहे : मतदान यंत्र. ईसीआयएल आणि बंगळूरचे भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोनच संस्था ही यंत्रे बनवतात. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर ती प्रथम वापरली गेली, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सर्वत्र आली. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक चिप आणि चिपमध्ये आधीच भरलेला प्रोग्रॅम.

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या यंत्रांविषयी निकाल दिला. कागदी मतपत्रिकांकडे परत जाण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. मात्र एक नवी तरतूद केली : निकालानंतर सात दिवसांच्या आत दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास, त्या मतदारसंघातील प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या चिपमधील भरलेली स्मृती उत्पादक संस्थांच्या अभियंत्यांनी तपासावी, खर्च उमेदवाराचा, आणि गैरप्रकार आढळल्यास तो परत.

या वादात कोणाची बाजू घेणे हा माझा हेतू नाही, आणि हे यंत्र कोणत्या साधनाने बांधले जाते हा या लेखाचा विषय नाही. श्रोत्यांपुढे मी ठेवणार तो साधा प्रश्न : चिपमध्ये भरलेले तपासायचे म्हणजे कशाशी ताडायचे? दोन यंत्रांतील स्मृती परस्परांशी जुळली तर दोन्ही सारखी आहेत एवढेच सिद्ध होते. ती मूळ लिहिलेल्या प्रोग्रॅमशी जुळते हे दाखवायचे तर तो मूळ प्रोग्रॅम, त्या वेळचाच कंपायलर आणि त्या वेळच्याच बांधणीच्या पायऱ्या हाती असाव्या लागतात. आणि पुन्हा बांधल्यावर बिट न् बिट तेच यावे लागते. ताळेबंदातील आकडा खरा आहे हे दुसऱ्या ताळेबंदाच्या प्रतीवरून ठरत नाही. प्रमाणकापासून सुरुवात करून पुन्हा तेथे पोहोचता आले पाहिजे.

आणि हे वाटते तितके सोपे नाही. एकाच मजकुराची दोनदा बांधणी केली तरी निकाल वेगळा येऊ शकतो, कारण पुष्कळ साधने बांधणीची तारीख आणि वेळ आत लिहून ठेवतात, काही साधने ज्या फोल्डरमध्ये काम चालले त्याचे नाव लिहितात, आणि काहींत फाइली वाचण्याचा क्रम बदलला की सारे पुढेमागे होते. डेबियन या लिनक्स संचाचे कार्यकर्ते २०१३ पासून एकेक कारण शोधून दूर करीत आहेत. योक्टोनेही हे काम मनावर घेतले आहे. प्राध्यापकवर्गासाठी येथे एक नाव घेऊन ठेवतो. युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी १९८४ च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले, की कंपायलरमध्येच गुप्त दार ठेवता येते, आणि ते कंपायलरच्या मूळ मजकुरात शोधूनही सापडत नाही. लेखापरीक्षकाचे लेखापरीक्षण कोणी करावे, हा जुना प्रश्न तेथेही आहेच. व्याख्यानात मात्र मी याला एका मिनिटाहून अधिक देणार नाही. परिचयात भीती घालून लोकांना घरी पाठवणे बरे नव्हे.

त्याऐवजी राउटरची गोष्ट सांगावी. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ साली लोकांच्या ध्यानात आले. लिनक्सचा परवाना असा, की त्यापासून बनवलेली वस्तू विकली तर तिचा मूळ मजकूरही मागणाऱ्यास द्यावा लागतो. आग्रह झाला, आणि मजकूर प्रसिद्ध झाला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. प्रथम त्यांनी कंपनीचाच मजकूर घेतला. पुढे बांधणीसाठी बिल्डरूटचा पाया घेतला. कंपन्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने राउटर आज त्यांच्या प्रोग्रॅमवर चालतात आणि त्यांत सुधारणा होत राहतात. केवळ मजकूर मिळाला असता आणि तो बांधण्याची रीत मिळाली नसती, तर हे झाले नसते.

वेळेची वाटणी मी अशी केली आहे : पहिल्या भागाला प्रात्यक्षिकासह बारा मिनिटे, मेक आणि जॉब ऑर्डरला आठ, पुन्हा बांधण्याला सात, उरलेली तीन हाताशी राखून. योक्टोची बांधणी सभागृहात करून दाखवण्याचा विचारही करू नये. पहिल्या बांधणीला कित्येक तास लागतात आणि डिस्कवर दहा-वीस नव्हे तर शंभराच्या घरात गिगाबाइट मोकळे ठेवावे लागतात. सभागृहातील इंटरनेटवर तर मुळीच विसंबू नये. जे दाखवायचे ते आधी उतरवून, आधी बांधून न्यावे.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न हमखास येतील. ‘यात नोकरी आहे काय?’ हा पहिला. वाणिज्यच्या श्रोत्यांना मी सांगणार, की अमेरिकेत २०२१ साली अध्यक्षांच्या आदेशाने सरकारला विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर त्यातील सुट्या भागांची यादी देण्याचा विषय पुढे आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लॉगफोरजे या एका लहानशा भागातील दोष उघडकीस आला तेव्हा आपल्या कोणकोणत्या मालात तो भाग आहे हेच कित्येक कंपन्यांना सांगता येईना. साठ्याची नोंद न ठेवणाऱ्या दुकानाची जी गत, तीच. योक्टो ही यादी बांधणी करतानाच काढून देतो. ती वाचणारी, परवाने ताडणारी आणि नोंदी ठेवणारी माणसे लागतात, आणि ती सर्वच्या सर्व अभियंते असावीत असे नाही.

दुसरा प्रश्न, ‘सुरुवात कोठून करू?’ याचे उत्तर बिल्डरूट. कोणताही साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि काही गिगाबाइट मोकळी जागा. बिल्डरूट उतरवून घ्यावे, त्यात तयार असलेल्या नमुन्यांपैकी क्यूएमूसाठीचा आर्मचा नमुना निवडावा, मेकची आज्ञा द्यावी आणि झोपी जावे. जुना लॅपटॉप असेल तर रात्रभर पंखा फिरत राहील; घरच्यांना आधी कल्पना द्यावी. सकाळी क्यूएमू सुरू केला, की आपण स्वतः बांधलेला लिनक्स काही क्षणांत जागा होतो आणि नाव विचारतो. तेथे ‘रूट’ असे लिहावे. पासवर्ड लागत नाही.